विचारलं नाही

“ताई, तू नकोच म्हणाली असतीस, म्हणून विचारलंच नाही.”

काल जेवताना धाकटा एवढंच बोलला आणि आमटी वाढून घेतली. आईने गोखले रोडवरून पेढे आणले होते. शेजारच्या काकूंना ‘मंत्रालयात सल्लागार, तोही २४व्या वर्षी’ असं सांगूनही झालं होतं. बाबा गप्प होते. त्यांचं काय चाललंय ते मला कळतंय, पण आज त्यात शिरत नाही.

सकाळी ठाण्याहून ऐरोलीला उतरेपर्यंत ते एकच वाक्य डोक्यात होतं. मला वाईट कशाचं वाटलंय? त्याने हे काम घेतलं याचं, की मला न विचारता घेतलं याचं?

कामाबद्दल लोक ओरडतायत ते उगाच नाही. सरकारी योजनांच्या लाभार्थ्यांच्या याद्या एकमेकींशी ताडून अपात्र नावं शोधायची. एवढ्या पोराच्या हातात एवढ्या लोकांची माहिती, तीही कुठलीही परीक्षा न देता, कुणाला उत्तर न देता? प्रश्न रास्त आहे. माझ्या भावाबद्दल असला तरी रास्त आहे.

२०२३ मध्ये यानेच मला ती बातमी दाखवली होती. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात कोळसा झालेली पपायरसची गुंडाळी, आणि नेब्रास्काच्या एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ती न उलगडता, स्कॅनवर एआय मॉडेल चालवून तिच्यातला पहिला शब्द वाचलेला. पुढे ७ लाख डॉलरचं मोठं बक्षीस तिघांत वाटलं गेलं, त्यात तो होता. धाकट्याने ते स्कॅन रात्रभर उघडून ठेवले होते. तोच नेब्रास्काचा विद्यार्थी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारच्या ‘डोज’मध्ये, म्हणजे सरकारी खर्च छाटणाऱ्या गटात गेला. त्याच मोहिमेत यूएसएडचा, म्हणजे परदेशांना मदत देणाऱ्या अमेरिकी संस्थेचा, गाशा गुंडाळला गेला आणि जगभरातल्या दवाखान्यांची औषधं अडली. ते वाचून मी धाकट्याला विचारलं होतं, एवढा हुशार मुलगा तिथे कसा गेला? तेव्हा तो काहीच बोलला नव्हता. आता वाटतं, तेव्हाच त्याच्या मनात काहीतरी सुरू झालं असेल का?

नावं जुळवण्याचं काम मी बँकेच्या प्रोजेक्टवर केलंय. एका यादीत नाव देवनागरीत, दुसरीत रोमन लिपीत. बँकेत माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. एकाच गावात एकाच नावाच्या तिघी, आणि जिच्यामुळे नाव अपात्र ठरतं ती चारचाकी त्यातल्या एकीच्याच घरी. प्रोग्राम प्रत्येक जोडीला गुण देतो आणि ठरावीक गुणांच्या वर गेलं की ‘हीच ती’ म्हणतो. तो थ्रेशोल्ड कुणीतरी खुर्चीत बसून ठरवतं. आता तो माझा भाऊ ठरवणार. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत पती किंवा वडिलांचा आधार मागितला. मग दोघंही हयात नाहीत त्यांनी काय करायचं, हा प्रश्न उठला आणि मुदत वाढवावी लागली. नियम लिहिताना त्या बायका कुणाच्या डोळ्यांसमोरच नव्हत्या.

हे सगळं मी त्याला सांगितलं असतं. त्याने विचारायला हवं होतं. प्रोग्रामिंगमधला पहिला लूप त्याला मी शिकवला, कळव्याच्या जुन्या घरात, एकाच खुर्चीवर दोघं बसून. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीआधी रात्री दोनपर्यंत मी त्याच्याबरोबर जागले. आणि आता एवढ्या मोठ्या गोष्टीत माझं उत्तर तो स्वतःच गृहीत धरतो. हे फार लागलं. अजूनही लागतंय.

दुपारी मात्र आजी आठवली. २०१८ मध्ये आधार प्राधिकरणानेच सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं की सरकारी सेवांत ओळख पटण्याचं प्रमाण ८८ टक्के आहे. उरलेल्या १२ टक्क्यांत आमची आजी. रेशनच्या दुकानात तिचा अंगठा उठायचा नाही. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा, मग दुसरं बोट, मग “उद्या या”. तिला घेऊन जायचा तो धाकटा. मी तेव्हा नोकरीत होते, मी एकदाही त्या रांगेत उभी राहिले नाही. माझ्याकडे आकडे आहेत, त्याने आजीचा हात धरून ती रांग काढली आहे.

असा मुलगा आत असणं बरं, असं मनात आलं. पण आत जाणारा प्रत्येक जण स्वतःला हेच सांगत असेल, म्हणून त्यावर मी विसंबणार नाही.

आणि मी नको म्हणाले असते का? हो, आधी म्हणालेच असते. ठामपणे. मग रात्री वही काढून त्याच्याशेजारी बसले असते. त्याला माझा नकार ठाऊक होता, आणि त्यात तो चुकला नाही. नंतरचं त्याच्या लक्षात आलं नाही, तर ते आता सांगायला काय हरकत आहे?

संध्याकाळी ऐरोली सोडल्यावर गाडीतूनच त्याला लिहिलं: नाव गळण्याआधी त्या बाईला कळवणार का? चुकून गळालं तर तिने जायचं कुठे, तहसीलला की बँकेत? आणि खात्याने तुझं ऐकलं नाही तर तू ते लेखी ठेवशील का?

पहिल्याला ‘हो, आधी नोटीस’ असं लगेच आलं. दुसऱ्याला ‘ठरतंय’. तिसऱ्याला अजून काही नाही. रविवारी दोघं बसणार आहोत, तिसऱ्यापासूनच सुरुवात करीन.