कारखाना विकला, पण तो होता कुणाचा?

सहकारी साखर कारखाना लिलावात गेला की बातमीत तिघांचाच उल्लेख असतो: बँक, खरेदीदार आणि जुने संचालक. ज्यांच्या उसाच्या बिलातून कारखाना उभा राहिला ते सभासद आणि ज्यांनी तो रात्रपाळ्या करून चालवला ते कामगार त्यात कुठेच नसतात. आमच्या घरात दोघंही होते. आजोबा सभासद आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, पॅनवर, म्हणजे पाक उकळून साखरेचा दाणा तयार करायच्या भांड्यावर, कामाला. म्हणून हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

आजोबांच्या ट्रंकेत जुन्या ऊसबिलांचा गठ्ठा आहे. बिलाच्या डाव्या बाजूला वजन आणि दर, उजव्या बाजूला कपातींची रांग. सोसायटीची वसुली, तोडणी-वाहतूक, परतीची ठेव, बिनपरतीची ठेव, शिक्षणसंस्थेचा निधी. त्यातली ‘बिनपरतीची ठेव’ नीट बघा. टनामागे काही रुपये दरवर्षी कापले जायचे आणि ते परत मिळायचे नाहीत. त्यातून गाळपक्षमता वाढली, नवा बॉयलर आला, रस्ते झाले. शेअरचे पैसे वेगळे. आजोबांनी यावर कधी तक्रार केली नाही, कारण कारखाना आपला आहे असं ते मानत होते, आणि कागदोपत्री तो होताही.

महाराष्ट्रात पुढे निघालेल्या बऱ्याच कारखान्यांचा भांडवलाचा हिशेब असा असायचा: सभासदांचे 10 टक्के, सरकारचे 30 टक्के भागभांडवल आणि 60 टक्के कर्ज. म्हणजे शेतकरी आणि सरकार दोघंही मालक. 1950-51 च्या हंगामात प्रवरेचा कारखाना सुरू झाला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे शेअर जमवले होते आणि अध्यक्षपदी धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ होता. शेतकऱ्याच्या पैशाला हिशेबाची शिस्त हवी, हे त्या जोडीला कळत होतं. पुढे शेअर जमवायची पद्धत सगळ्यांनी उचलली, शिस्त मात्र फार थोड्यांनी.

आमच्याकडे वार्षिक सभा मांडवात व्हायची. अहवालाची पुस्तिका सभेला गेल्यावरच हातात पडायची. विषय वाचला की पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा ओरडा व्हायचा. मळी, म्हणजे साखर काढल्यावर उरणारा दाट पाक, काय भावाने आणि कुणाला विकली, असं एका वर्षी आजोबांनी उभं राहून विचारलं. उत्तर मिळालं नाही, माईक पुढे गेला. पुढच्या हंगामात आमच्या उसाला कारखान्याची तोड लवकर मिळेना. गावात कुणाला याचं आश्चर्य वाटलं नाही, आणि मला राग येतो तो याचाच. कारखाना बुडाला तो मालकी शेतकऱ्यांची होती म्हणून नव्हे. त्यांना ती वापरू दिली नाही म्हणून तो बुडाला.

मग कर्ज थकलं. 2002 च्या कायद्याने बँकांना कोर्टाच्या पायऱ्या न चढता तारण ताब्यात घेऊन विकता येतं. कर्ज देणाऱ्या बँकेने नोटीस लावली, राखीव किंमत ठरली, ‘आहे तिथे, आहे तसा’ कारखाना गेला. जमीन, ऊस टाकायची गव्हाण, वजनकाटा, कामगारांच्या चाळी, सगळं.

खासगी झाल्यावर सुधारलं ना, असं पुण्यातले माझे सहकारी विचारतात. ऊस वेळेवर जातो, हे खरं आहे. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, मात्र सहकारी असो वा खासगी, दोघांनाही द्यावाच लागतो. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात 14 दिवसांत पैसे आणि उशीर झाल्यास 15 टक्के व्याज असं लिहिलेलं आहे. फरक पडतो तो पुढच्या प्रश्नांना. उतारा, म्हणजे उसातून निघालेल्या साखरेचं प्रमाण, किती लागला? बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, किती वीज झाली? इथेनॉलचे किती आले? पूर्वी निदान मांडवात उभं राहून हे विचारता यायचं. आता शेतकरी फक्त माल पुरवणारा आहे. त्याला अहवाल नाही, सभा नाही. राज्यात निम्म्याच्या आसपास कारखाने आज खासगी आहेत, म्हणजे हा प्रश्न एकट्या आमच्या गावाचा राहिलेला नाही.

कामगारांचं तर कुणी विचारतही नाही. अप्पा पॅनमधला नमुना काढून काचेच्या पट्टीवर घ्यायचे, उजेडाकडे धरायचे आणि दाणा कसा बसलाय ते बघून वाफ कमी-जास्त करायचे. अंगठा आणि बोट यांच्यात पाक चोळूनच त्यांना कळायचं की पॅन अजून किती वेळ ठेवायचा. नव्या मालकाने जुन्यांतले मोजके घेतले, बाकी कंत्राटदाराकडून. तेच काम, तीच पाळी, पण हंगाम संपला की घरी.

विकायचा नसेल तर सरकारने चालवावा, एवढंच उत्तर मला पुरत नाही. सरकारचे 30 टक्के आमच्याही कारखान्यात होते, सरकारी प्रतिनिधी संचालक मंडळात बसत होता, आणि तो काहीच बोलला नाही. मुंबईत कुर्ल्याला कमानी ट्यूब्ज बंद पडली तेव्हा कामगारांच्या संघटनेने स्वतः चालवण्याची योजना मांडली आणि 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारखाना कामगारांच्या सहकारी संस्थेकडे जाऊ दिला. सुरुवातीची वर्षं तो चांगला चालला, नफाही झाला. पुढे अडचणीत आला, हे मला माहीत आहे. पण बंद पडलेला कारखाना कामगार उभा करू शकतात, हे तिथे दिसलं. आमच्याकडे लिलावाआधी सभासद आणि कामगारांना ‘तुम्ही घेता का, किती मुदत हवी’ एवढं विचारायलाही कुणी आलं नाही. माझी मागणी तेवढीच आहे: कर्ज थकलेला कारखाना बाजारात नेण्याआधी ज्यांनी त्यात पैसे भरले आणि तो चालवला त्यांना पहिला हक्क द्या, पूर्ण हिशेब त्यांच्यासमोर ठेवा आणि विक्रीच्या रकमेतून कामगारांची देणी आधी चुकती करा.

अप्पांची ग्रॅच्युइटी अजून अडकलेली आहे. 1972 च्या कायद्याने ती 30 दिवसांत मिळायला हवी होती. जुनी संस्था अवसायनात, म्हणजे गुंडाळली जाण्याच्या प्रक्रियेत, आहे, तिच्याकडे पैसे नाहीत. नवा मालक म्हणतो, मी कारखाना घेतला, देणी घेतली नाहीत. अप्पांसोबतच्या कामगारांनी मिळून अर्ज केले आहेत. तारखेला मीही जाते, आणि सगळ्यांच्या हजेरीच्या नोंदी आता माझ्याकडे एका फाइलमध्ये आहेत. तुमच्या भागातल्या विकलेल्या कारखान्यात कुणाला ही देणी मिळाली असतील, तर कोणत्या आधारावर मिळाली ते मला कळवा. आमच्या वकिलांना ते हवं आहे.