मुद्दल की तत्त्व?

आर्वी तालुक्यातील आमच्या गावात मी संध्याकाळी मुलांना इंग्रजी शिकवतो. मागील महिन्यात दहावीतील एका मुलीने वडिलांच्या पीककर्जासंबंधी बँकेला द्यावयाचा अर्ज इंग्रजीत लिहून आणला. व्याजात सवलत मिळाल्यास मुद्दल एकरकमी भरू, असे तिला म्हणायचे होते. परंतु प्रिन्सिपल या शब्दाच्या शेवटी ‘ए-एल’ लिहिण्याऐवजी तिने ‘एल-ई’ लिहिल्यामुळे त्या वाक्याचा अर्थ ‘आम्ही आमचे तत्त्व एकरकमी भरू’ असा झाला होता.

तिच्या वहीत प्रत्येक इंग्रजी शब्दावर पेन्सिलने देवनागरीत उच्चार लिहिलेला होता आणि या दोन्ही शब्दांवर एकच ‘प्रिन्सिपल’ होते. उच्चार खरोखरच सारखा असल्याने येथे कान उपयोगी पडत नाही, अर्थाचे मूळच पाहावे लागते. दोन्ही शब्द लॅटिनमधील ‘पहिला, प्रमुख’ या अर्थाच्या शब्दापर्यंत जातात. कर्जातील मूळ रक्कम आणि महाविद्यालयाचे प्राचार्य हे दोन्ही ‘ए-एल’ने संपतात, तत्त्व मात्र ‘एल-ई’ने संपते, जसा नियम या अर्थाचा ‘रूल’ संपतो. हे सांगितल्यावर मी फळ्यावर सुत आणि सूत लिहिले. पहिला मुलगा, दुसरा धागा. कापसाच्या मुलखातील मुलांना ऱ्हस्व-दीर्घाचे हे महत्त्व पटवावे लागले नाही.

लूज आणि लूस यांची गोष्ट वेगळी आहे. पंपाचा नट ढिला झाला की आपण तो ‘लूज’ झाला म्हणतो. पण ढिला या अर्थाच्या इंग्रजी शब्दात ‘ओ’ दोनदा येतो आणि त्याचा शेवट ‘स’ असा होतो, तर गमावणे या अर्थाच्या शब्दात एकच ‘ओ’ असून त्याचा शेवट ‘जमीन’मधील ‘ज’च्या जवळचा असतो. ‘जिल्हा’ आणि ‘जमीन’ यांतील ‘ज’ वेगळे आहेत, हे मराठी कानाला न शिकवताच कळते. म्हणून ही जोडी आपल्या मुलांना अवघड जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. सल्ला या अर्थाच्या ‘अ‍ॅडव्हाइस’ या नामाचा शेवट ‘स’ने आणि सल्ला देणे या अर्थाच्या ‘अ‍ॅडव्हाइज’ या क्रियापदाचा शेवट त्याच ‘ज’ने होतो; उपयोग आणि उपयोग करणे या अर्थांच्या ‘यूस’ आणि ‘यूज’ यांतही हाच भेद आहे, फक्त तेथे स्पेलिंग बदलत नाही. सल्ल्याच्या जोडीत नामाला ‘सी’ आणि क्रियापदाला ‘एस’ लागतो. सराव या अर्थाच्या प्रॅक्टिसमध्ये ब्रिटिश पद्धत हाच नियम पाळते, पण अमेरिकेत नाम आणि क्रियापद दोन्ही ‘सी’नेच लिहितात.

माझी सर्वांत आवडती जोडी स्टेशनरी ही आहे. एकाच जागी स्थिर असलेले ते ‘ए-आर-वाय’, वह्या-पेन-कागद ते ‘ई-आर-वाय’. मध्ययुगीन युरोपात फिरून विकणाऱ्यांपेक्षा वेगळा, एका ठिकाणी दुकान थाटून बसणारा पुस्तकविक्रेता स्टेशनर म्हणून ओळखला जाई, म्हणजे कागद विकणाऱ्याचे नाव मुळात स्थिर राहण्यावरूनच पडले. आठवडी बाजारात आज या गावी, उद्या त्या गावी पाल टाकणारे विक्रेते आणि बसस्थानकाजवळचे वह्या-पुस्तकांचे कायमचे दुकान मुलांनी पाहिलेले असते, त्यामुळे ही हकिगत त्यांना एकदाच सांगावी लागते. ‘ई’ लक्षात राहण्यासाठी एन्व्हलपचे पहिले अक्षर आठवावे.

अफेक्ट आणि इफेक्ट यांत खरी अडचण आपल्या भाषेमुळे येते. ‘पावसाने कपाशीवर परिणाम केला’ आणि ‘पावसाचा कपाशीवर परिणाम झाला’ या दोन्ही वाक्यांत मराठीला ‘परिणाम’ हा एकच शब्द पुरतो, पण इंग्रजीत पहिल्या वाक्यासाठी क्रियापद हवे, दुसऱ्यासाठी नाम. मी मुलांना ‘अतिवृष्टीबाधित’ हा शब्द आठवायला सांगतो, कारण तो आमच्याकडे प्रत्येक घरात माहीत आहे. जेथे ‘बाधणे’ बसते तेथे ‘ए’ने सुरू होणारा अफेक्ट, आणि जेथे नुसता ‘परिणाम’ उरतो तेथे ‘ई’ने सुरू होणारा इफेक्ट. इफेक्ट क्वचित क्रियापद म्हणूनही येतो, तेव्हा त्याचा अर्थ घडवून आणणे असा होतो. तो भाग मी बारावीच्या मुलांसाठी राखून ठेवतो.