एक्स२२०ची नोंदवही: आधी डिस्क, मग उष्णता, मग व्हिडिओ

लेनोवोचा थिंकपॅड एक्स२२० हा जुना लॅपटॉप पुन्हा रोजच्या कामाला लागलाय. २०११ चं मॉडेल, कोअर आय५-२५२०एम, ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, साडेबारा इंची स्क्रीन. एका मित्राच्या ऑफिसमधून तो माझ्याकडे आला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि तिथली जुनी मशीन्स निघाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, हा दुसऱ्या पिढीचा. म्हणजे कागदावर बाद. पण भाची यंदा तंत्रनिकेतनात गेली आहे आणि तिची गरज एवढीच: लिबरऑफिस, पायथन, ब्राउझरमध्ये लेक्चर्स आणि मराठी टायपिंग. एवढ्यासाठी हे मशीन भंगारात जाणं मला पटत नव्हतं.

कुठलाही पार्ट मागवण्याआधी मशीन नेमकं कुठे अडतंय ते बघायचं, हा माझा नियम. पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता चालणारं) चालवलं आणि डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे तिनं स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, काढला. रिअलोकेटेड सेक्टरचा (खराब म्हणून बदललेल्या जागांचा) आकडा वाढलेला आणि पेंडिंग (वाचता न येणारे, संशयित) सेक्टरही दिसत होते, म्हणजे डिस्क जाण्याच्या वाटेवर. तशीही ती बदलणारच होतो. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात, त्यात हेड सरकण्याचा वेळ वेगळा. त्यामुळे विखुरलेल्या छोट्या फाइली वाचायच्या झाल्या की सेकंदाला शंभरही वाचनं होत नाहीत. साटा जोडणीची साधी एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) हेच काम हजारोंच्या घरात करते. जुनं मशीन 'स्लो झालंय' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा प्रोसेसर रिकामा बसलेला असतो आणि सगळे डिस्ककडे डोळे लावून असतात.

एक्स२२०चा मुख्य कप्पा साटा ३ चा आहे, पण जाडी फक्त ७ मिमी. काही एसएसडींसोबत ९.५ मिमी करायची प्लास्टिकची चौकट येते, ती इथे लावायची नाही. डिस्क बदलणं एका स्क्रूचं काम: कडेचं झाकण काढा, पट्टी धरून ओढा, रबराच्या पट्ट्या नव्या ड्राइव्हला चढवा. आत एमसाटाचा (छोट्या कार्डासारख्या एसएसडीचा) स्लॉटही आहे, पण तो साटा २ चा, म्हणजे निम्म्या वेगाचा. सिस्टिम मुख्य कप्प्यात आणि पुढेमागे डेटा एमसाटावर, असं ठरवलंय.

रॅम ४ वरून ८ जीबी केली. लेनोवोच्या कागदपत्रांत मर्यादा ८ जीबी आहे, प्रत्यक्षात ८ च्या दोन स्टिक घालून १६ जीबीही चालते. मी ४ अधिक ४ वर थांबलो. मुद्दा दोन्ही स्लॉट भरण्याचा होता. यातलं एचडी ३००० ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, मुख्य रॅममधूनच घेतं, त्यामुळे ड्युअल चॅनेलचा (दोन्ही स्टिक एकाच वेळी वाचण्याचा) फायदा चित्रालाही मिळतो. बाजारात डीडीआर३ पेक्षा डीडीआर३एल ही कमी व्होल्टेजची रॅम सहज मिळते. ती १.३५ आणि १.५ या दोन्ही व्होल्टेजवर चालते, म्हणून इथे निर्धास्त घालावी. उलट करू नका: फक्त १.३५ व्होल्ट मागणाऱ्या नंतरच्या लॅपटॉपांत जुनी डीडीआर३ चालत नाही. वर लिनक्सची झेडरॅम ही सोय चालू केली. रॅम भरत आली की कमी वापरातली पानं रॅममध्येच दाबून ठेवली जातात आणि स्वॅपसाठी डिस्कपर्यंत जावं लागत नाही.

मग उष्णता. या कामात मी घाई करत नाही आणि कुणी केलेली मला आवडत नाही. मुख्य बॅटरी आणि अडॅप्टर आधी काढायचे. लेनोवोचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल अजूनही मोफत मिळतं, कुठला स्क्रू कुठल्या क्रमानं काढायचा ते त्यात चित्रांसह आहे. फॅनच्या पात्यांवर आणि तांब्याच्या जाळीवर पुण्याची धूळ नमद्यासारखी बसली होती. हवा आत खेचली जात होती पण जाळीतून बाहेर पडायला जागाच नव्हती. ब्रशनं काढली, प्रोसेसरवरची जुनी कडक झालेली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारी) आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, नवी तांदळाच्या दाण्याएवढी लावली. ब्लोअर मारताना फॅनचं पातं काडीनं अडवून धरावं, नाहीतर ते भलत्या वेगानं फिरून बेअरिंग खराब होतं. सीपीयूवर पूर्ण भार टाकला की तापमान आधी नव्वदीत जाऊन प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करायचा. आता सत्तरीत राहतं आणि वेग टिकतो. एसएसडीनंतर सर्वात मोठा फरक या जवळजवळ फुकटच्या कामानं पडला. उघडलंच आहे तर सीमॉस सेलही (घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग टिकवणारा) बदलला. तो सीआर२०३२ च आहे, पण वायर आणि कनेक्टर जोडलेला मागावा लागतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला तसा सहज मिळाला.

सिस्टिम म्हणून लिनक्स मिंट २२, एक्सएफसीई डेस्कटॉपसह. पाया उबुंटू २४.०४ चा, अपडेट २०२९ पर्यंत. आयबस या टायपिंगच्या प्रोग्रॅममधून मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडला, देवनागरी फॉन्ट टाकले. भाचीला टायपिंगसाठी वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

इथवर सगळं सुरळीत. लेक्चरचा व्हिडिओ लावला आणि फॅन पुन्हा ओरडू लागला, मधूनच फ्रेमही गळत होत्या. एसएसडी, रॅम, पेस्ट यांपैकी कशाचाच इथे उपयोग नव्हता. कारण कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीत, होतं. यूट्यूब आज व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्ये व्हिडिओ पाठवतं. एचडी ३००० मध्ये एच.२६४ हा जुना कोडेक उलगडायचं सर्किट आहे, या दोघांचं नाही. एव्ही१ तर इंटेलच्या ग्राफिक्समध्ये २०२० च्या टायगर लेकपासून आलं. म्हणजे सगळा भार दोन कोअरवर. उपाय सोपा: फायरफॉक्समध्ये 'एच२६४इफाय' हे एक्स्टेंशन टाकलं, ते साइटकडून एच.२६४ च मागून घेतं. त्या सर्किटकडून काम करून घ्यायला लिनक्समध्ये या पिढीला आय९६५ हा जुना व्हीए ड्रायव्हर लागतो, नवा आयएचडी ड्रायव्हर ब्रॉडवेल (इंटेलची पाचवी पिढी) पासून पुढच्यांसाठी आहे. ब्राउझरनं हार्डवेअर डीकोडिंग वापरलं नाही तरी एच.२६४ सीपीयूलाही पुष्कळ हलकं पडतं. १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनला ७२०पी पुरतं, त्यामुळे डोळ्यांना काही कमी वाटत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या लॅपटॉपचं आयुष्य आज कुठे संपतं असं मला विचाराल तर मी व्हिडिओच म्हणेन, आणि म्हणूनच या एका सेटिंगसाठी एवढं लिहिलं.

बॅटरी जुनीच ठेवली आहे. मूळ क्षमतेच्या निम्म्याहून कमी उरली आहे, पण वीज गेली तर फाइल सेव्ह करण्याइतका वेळ मिळतो. टीएलपी या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवलंय. ती बाहेरून निघते, नवी कधीही बसवता येईल.

वायफाय कार्डाला हात लावलेला नाही. मूळ बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मान्य कार्डांची यादी आहे, यादीबाहेरचं कार्ड घातलं तर मशीन बूटच होत नाही. आत सेंट्रिनो ६२०५ आहे, ते ५ गिगाहर्ट्झ पकडतं, घरच्या राउटरला तेवढं बास. आय५ मॉडेलला यूएसबी ३.० नाही, तेव्हा पुढचं काम एक्सप्रेसकार्ड स्लॉटमध्ये यूएसबी ३.० चं कार्ड. त्यानंतर आयपीएस पॅनेल (कुठूनही बघितलं तरी रंग नीट दिसणारा स्क्रीन), कारण सध्याचा टीएन पॅनेल थोडा कलला की रंग फिकट होतात. कोअरबूट (मूळ बायोसच्या जागी बसणारा मुक्त पर्याय) उन्हाळ्याच्या सुट्टीत, भाचीला मशीन लागत नसेल तेव्हा. त्यासाठी प्रोग्रामर (बायोसची चिप वाचणारं-लिहिणारं उपकरण) आणि चिपला लावायची क्लिप आणून ठेवली आहे. आधी मूळ बायोसची प्रत दोनदा वाचून, दोन्ही फाइली जुळतात का ते तपासून ठेवीन, मगच चिपवर काही लिहीन.