मुंबईतला पहिला शनिवार-रविवार आणि काउंटरवरचा एक प्रश्न

नवं लग्न झालेलं जोडपं मुंबईला फिरायला निघालं म्हटलं की घरातल्यांना नवल वाटतं. "मुंबईत काय बघणार? गर्दी?" सासूबाईंनी महाबळेश्वर सुचवलं, मामेसासऱ्यांनी दापोलीतल्या एका ओळखीच्यांचा नंबरही काढून दिला. पण मला थंड हवा नको होती. जिथे आम्हाला ओळखणारं कुणी नाही, कितीही भटकून आलो तरी "इतका वेळ कुठे होतात?" असं विचारणारं कुणी नाही, अशी जागा हवी होती. नाशिकचं आमचं घर मायेचं आहे, पण भरलेलं आहे. दोघांनी सलग तासभर बोलायचं म्हणजे रात्रीचे अकरा वाजून जातात.

निखिलची यादी सिद्धिविनायकापासून जुहूपर्यंत पसरलेली होती. मी तिच्यावर काट मारत गेले. एवढ्याशा वेळात मुंबईची दोन टोकं गाठायची तर अर्धा वेळ लोकलमध्येच जाणार, आणि गर्दीच्या लोकलमध्ये मी लेडीज डब्यात, तो जनरलमध्ये. त्यासाठी का घर सोडून जायचं? शिवाय रविवारी मेगाब्लॉक. म्हणून ठरलं ते असं: फक्त दक्षिण मुंबई, फोर्टमध्ये मुक्काम, सगळं पायी. पहिल्यांदाच जोडीने जाणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन. मुंबई सगळी बघायची नाही, तिचा एक तुकडा निवडायचा.

शनिवारी सकाळच्या पंचवटीने निघालो. कसाऱ्याचा घाट, कल्याणची गर्दी, दादरला निम्मी गाडी रिकामी, आणि सीएसएमटी. १८८८ साली पूर्ण झालेली ती इमारत बाहेरून नीट बघायला पलीकडच्या फुटपाथवर जावं लागतं. आम्ही बॅगा घेऊनच गेलो आणि मान दुखेपर्यंत बघत उभे राहिलो. तिथून हॉटेल दहा मिनिटांवर.

जुनी इमारत, लाकडी जिना, जाळीच्या दरवाज्याची लिफ्ट. मला ती जागा बघताक्षणी आवडली. काउंटरवरचा मुलगा आमच्याच वयाचा असेल. त्याने दोन्ही आधार कार्डं शेजारी शेजारी ठेवली आणि थांबला.

"मॅडम, आडनाव वेगळं आहे."

"हो."

"पत्ता पण वेगळा आहे."

"तो माहेरचा आहे. बदलायचाय अजून."

"मग मॅरेज सर्टिफिकेट दाखवावं लागेल."

नोंदणीचा अर्ज महापालिकेत दिलेला होता, दाखला हातात यायचा होता. आणि तो आलेला असता तरी तो पर्समध्ये घेऊन कोण फिरतं? बुकिंग करताना एवढंच लिहिलं होतं की दोघांची ओळखपत्रं आणा. ती आम्ही आणली होती. पैसे आधीच भरलेले होते. मी शांतपणे म्हटलं, "लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही." तो म्हणाला, "मॅडम, आमचा नियम आहे." तो उद्धट नव्हता, हे मुद्दाम सांगते. अगदी आर्जवाने बोलत होता, आणि त्यामुळेच मला काय बोलावं सुचेना.

तेवढ्यात निखिलने मोबाइल काढला आणि लग्नाचा फोटो त्याच्यासमोर धरला. मुलाने फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. आधी माझा चेहरा, मग निखिलचा. मुंडावळ्यांमुळे नीट दिसेना म्हणून अजून मोठा केला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या फोटोत माझ्यामागे आई पदराने डोळे पुसत उभी आहे. तो फोटो मी कुणालाच पाठवलेला नाही, फेसबुकवरही टाकलेला नाही. आणि एक अनोळखी माणूस तो काउंटरवर तपासत होता.

आमच्यामागे आणखी दोघं उभी होती. कॉलेज नुकतंच संपवलेली वाटावीत, पाठीवर एकेक सॅक. "सर्टिफिकेट" हा शब्द त्यांनी ऐकला. मुलगी त्याला काहीतरी हळू बोलली आणि दोघं जिना उतरून गेली. काउंटरवरच्या मुलाचं तिकडे लक्षही गेलं नाही. त्याने आम्हाला किल्ली दिली.

हे का लिहितेय? कारण हॉटेलात पाहुण्याची ओळख नोंदवायची असते, ती ठीकच आहे. पण दोन सज्ञान माणसांनी एकमेकांशी आपलं नातं काय ते सिद्ध करून दाखवायचं, हे कुठल्या कायद्यात बसतं? मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, कोइमतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटलं होतं की, अविवाहित जोडप्याने हॉटेलच्या खोलीत राहण्याला मनाई करणारा कायदाच नाही. मालक स्वतःचे नियम करतात. मग ते पैसे घेण्याआधी सांगावेत, बॅगा घेऊन माणूस दारात आल्यावर नव्हे. आमच्याकडे निदान फोटो होता. ज्यांच्याकडे तो नाही, त्यांनी कुठे जायचं?

खोली स्वच्छ होती, चादरी शुभ्र, पाणी गरम. मला त्यातलं काहीच गोड लागलं नाही. निखिल म्हणाला, "अगं, फोटो दाखवला, विषय संपला. दोन मिनिटांचं काम होतं." माझ्यासाठी तो विषय तिथे सुरू झाला होता. तो चिडलेला नव्हता, प्रवासाने दमला होता. पण त्या दिवसाची अर्धी दुपार आमची अबोल्यात गेली.

ओव्हल मैदानाच्या कडेने चालत निघालो. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, समोर गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती, मधे क्रिकेटचे किती सामने एकाच वेळी चाललेले ते मोजता येऊ नयेत. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. वेगळं काही बोलायला नको म्हणून आम्ही इमारतींविषयीच बोलत राहिलो.

मरीन ड्राइव्हला पोचलो तेव्हा सूर्य मलबार हिलच्या बाजूला कलला होता. कठड्यावर नजर पोचेल तिथपर्यंत जोडपी बसलेली. सगळ्यांची पाठ शहराकडे, तोंड समुद्राकडे. कुणी एका ओढणीखाली दोघं, कुणी हातात हात घेऊन गप्प. साठीच्या एक बाई नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसल्या होत्या. मागून पळणारे, कुत्री फिरवणारे, चहावाले जात होते आणि एकही माणूस त्यांच्याकडे वळून बघत नव्हता. मला मुंबई हवी होती ती याचसाठी. घरी अंगणातसुद्धा निखिलचा हात धरायला मला संकोच वाटतो. इथे वाटला नाही.

आम्ही बराच वेळ तसेच बसलो. मग तो एकदम म्हणाला, "त्या मागच्या दोघांना कुठे खोली मिळाली असेल का गं?"

म्हणजे त्यानेही त्यांना पाहिलं होतं. दुपारपासून तोही तोच विचार करत होता. अबोला तिथे संपला, आणि नंतर आम्ही इतकं बोललो की जेवायला पोचेपर्यंत बरीच हॉटेलं बंद व्हायला लागली होती.

रविवारी घारापुरी. गेटवेहून बोटीने तासाभराचा प्रवास. सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे शनिवार-रविवारला सोमवार जोडून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. सगळे त्रिमूर्तीसमोर गर्दी करतात, आणि ती आहेच तशी भव्य. पण आम्ही थांबलो शिव-पार्वतीच्या लग्नाच्या शिल्पापुढे. पार्वती शिवाच्या उजव्या हाताला उभी आहे, नवरीच्या जागी. हात-पाय भंगलेत, पण तिच्या झुकलेल्या मानेतली लाज जशीच्या तशी आहे. निखिलने फोटो काढायला मोबाइल वर केला आणि परत खिशात ठेवला. मीही काढला नाही.

संध्याकाळच्या पंचवटीने परत.

आता पावसाळ्यानंतर कोलकात्याला जायचं चाललंय. या वेळी मी तिकिटांआधी हॉटेलांना फोन लावतेय. पहिलाच प्रश्न: "आम्ही दोघं आहोत, आडनावं वेगळी आहेत, चालेल का?" असं विचारावं लागतं याचा मला प्रत्येक वेळी राग येतो. तिघांनी आढेवेढे घेतले. चौथीकडे फोन उचलणाऱ्या बाई म्हणाल्या, "दोघांची आयडी आणा, बस. समोरची खोली देऊ की मागची? मागे आवाज कमी असतो."

मागची घेतली.