भटारखान्यातली एक रात्र

"ताई, एका रात्रीचे एवढे पैसे मोजून मुंबईच्या ताजला राहिलात, मिळालं काय? पोट तर इथंही भरतं." गेलं वर्षभर गल्ल्यावर बसल्या बसल्या मी हे ऐकते आहे. एमआयडीसीतली मुलं विचारतात, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर विचारतात, भिशीतल्या बायका तर दर महिन्याला विचारतात. गल्ल्यावर उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून मी हसून जेवणाची थाळी पुढे करते. पण तुम्ही मनापासून विचारलंत, म्हणून आज नीट सांगते.

जळगावात आमची खाणावळ आहे. सुरू केली सासूबाईंनी, चार डब्यांवर. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या पहाटे चारला उठून भाकऱ्या थापायच्या, आणि बत्तीस वर्षांनंतरही बट्टीचं पीठ त्यांच्याच हाताखालून जातं. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. माझी भिशी लागली त्या महिन्यात मी ठरवलं की समुद्र दाखवायचा तो चौपाटीवर उभं राहून नाही, खिडकीत बसवून. आणि दुसऱ्याच्या हातचं, बसल्या जागी खाऊ घालायचं. एका रात्रीचं भाडं आमच्या आठवड्याच्या किराण्याइतकं होतं. मी ते भरलं आणि त्याचं मला वाईट वाटलेलं नाही.

जायच्या आधी मी त्या हॉटेलविषयी मिळेल ते वाचून काढलं. त्यातली एक गोष्ट मनातून जाईना. जमशेटजी टाटांनी हॉटेल बांधायचं ठरवल्यावर त्यांच्या बहिणीनं विचारलं म्हणे, बंगळूरला विज्ञानाची संस्था काढतोस, पोलादाचा कारखाना काढतोस, पाण्यापासून वीज करणार म्हणतोस, आणि आता भटारखाना काढणार? भटारखाना, म्हणजे खाणावळच! आमच्या धंद्याला लोक याच सुरात बोलतात. "शिकून-सवरून खाणावळच चालवता ना?" असं मला तोंडावर विचारलेलं आहे. पण पुढचं बघा. पोलाद, वीज आणि ती संस्था, तिन्ही गोष्टी उभ्या राहिल्या त्या जमशेटजी गेल्यावर. त्यांच्या डोळ्यांदेखत पूर्ण झाला तो भटारखानाच. १६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल उघडलं, पहिल्या दिवशी सतरा पाहुणे होते, आणि १९ मे १९०४ ला जमशेटजी जर्मनीत वारले. जेमतेम पाच महिने.

नागपूरला त्यांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. मुंबईहून नागपूरला जाणारी गाडी तेव्हाही जळगाव-भुसावळवरूनच जायची. म्हणजे ते कितीदा तरी आमच्या दारावरून गेले असणार. आम्ही त्याच रुळांवरून उलट्या दिशेनं निघालो. रात्रीची गाडी, सव्वाचारशे किलोमीटर, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. सासूबाईंना झोप नव्हती. आपल्याकडे चार भांडी कोण घासणार, याचीच काळजी.

लोक म्हणतात, ताज चुकून उलटं बांधलं, वास्तुविशारदानं त्या दुःखात जीव दिला. ही गोष्ट खरी नाही. नकाशे सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे. काम चालू असतानाच वैद्य वारले, पुढचं चेंबर्स नावाच्या इंग्रज इंजिनियरनं पुरं केलं. जुनं दार शहराच्या बाजूला होतं, कारण घोडागाड्या तिकडून यायच्या. आता तिथं पोहण्याचा तलाव आहे. आणि समोरचं गेटवे ऑफ इंडिया हॉटेलनंतरचं, १९२४ चं. आधी घुमट आला, कमान नंतर. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. आपण लहानपणापासून फोटोत दोन्ही एकत्र बघतो, कोण आधीचं हे कुणी सांगत नाही. शेजारचा उंच मनोरा तर १९७३ चा. तुम्हाला राहायचं असेल तर खोली जुन्या इमारतीतली मागा आणि समुद्राच्या बाजूची मागा. पैसे जास्त पडतात, पण त्यासाठीच तर जायचं.

खोलीत गेल्यावर सासूबाई आधी खिडकीपाशी गेल्या. डिसेंबरची सकाळ, बंदरावर धुरकट. पलीकडचे डोंगर दिसत नव्हते, नुसत्या बोटी पाण्यावर. बराच वेळ बघून म्हणाल्या, "तापीले पूर उना तरी पल्याडना काठ दिखस. आठे काठच नही व माय." मग खुर्ची ओढून बसल्या आणि तासभर उठल्या नाहीत. बत्तीस वर्षांत त्यांना दिवसाउजेडी तासभर नुसतं बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

टेबलावर फळांची टोपली होती. त्यातलं केळं त्यांनी उचललं, देठाशी दाबून पाहिलं, सालीवर अंगठा फिरवला. त्यांचं माहेर पारोळ्याकडचं असलं तरी मामाची केळीची बाग रावेरला होती, केळं घाईनं पिकवलेलं की सावकाश पिकलेलं हे त्यांना हातात घेताच कळतं. "चांगलं शे," एवढंच म्हणाल्या आणि खाल्लं.

दुपारी आम्ही पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमध्ये चहाला गेलो. राहायला नाही जमलं तरी एवढं जरूर करा, चहाला खोली घ्यावी लागत नाही. खिडकीतून समोर गेटवे आणि बंदर. मुंबईतल्या कितीतरी घरांत लग्नं जुळवायला मुला-मुलीची पहिली भेट याच टेबलांवर होते. आणि इथली शेवपुरी नावाजलेली आहे. मला त्यात रस होता, कारण शेव हा आमचा विषय. आपली शेवभाजीची शेव जाड, लाल तिखटाची, ओवा घातलेली. ती रश्श्यात वाढतानाच टाकायची, आधी टाकली की गळून जाते आणि रस्सा पिठूळ होतो. शेवपुरीचंही तसंच. पुरीवर चटणी पडली की घड्याळ सुरू होतं. माझ्यापुढे आली ती पुरी दातांखाली कडक वाजली. म्हणजे शेवटची चटणी पडल्यापासून टेबलापर्यंत यायला एकदोन मिनिटांच्या वर गेलेलं नाही. एवढ्या मोठ्या इमारतीत, भरलेल्या दुपारी! ज्यानं कधी चाळीस ताटं एकदम वाढली आहेत त्यालाच कळेल की यामागे किती जणांचे पाय धावतात.

चहा वाढायला एक वयस्कर गृहस्थ होते. केस पांढरे, चाल सावकाश. आता मुद्द्याचं सांगते. सासूबाई डावखुऱ्या आहेत. लहानपणी त्यांना डाव्या हातानं खाल्लं म्हणून मार बसलेला आहे. सासरी तर डाव्या हातानं वाढणं म्हणजे अपशकुन. म्हणून चारचौघांत त्या सगळं उजव्या हातानं करतात, आणि एकट्या असल्या की आपोआप डावा हात पुढे येतो. त्या गृहस्थांनी पहिला कप ठेवला तो सगळ्यांना ठेवतात तसा, कान उजवीकडे. सासूबाईंनी समुद्राकडे बघता बघता कप हळूच फिरवला आणि डाव्या हातात घेतला. दुसऱ्यांदा चहा ओतून झाल्यावर त्या गृहस्थांनी कप ठेवला, तो कान डावीकडे करून. काही बोलले नाहीत, हसलेसुद्धा नाहीत. ठेवला आणि गेले.

रात्री जेवायला तळमजल्यावर शामियानात बसलो. डाळ, रोटी, भात, एवढंच मागवलं. ताटल्या गरम करून आणल्या होत्या. जेवण झाल्यावर कोमट पाण्याच्या वाटीत लिंबाची चकती आली. मसाल्याची तुलना करायला मी गेलेच नव्हते, आपल्या भरिताची चव आपल्या वांग्यात आहे, ती मुंबईत कुठून येणार. ते जेवण लवकर आटोपलं, कारण सासूबाईंना वर जाऊन दिवे बघायचे होते.

जाताना मधल्या मोठ्या जिन्यापाशी थांबलो. घुमटाखाली तो जिना वर चढत जातो, मधे आधाराला खांब नाहीत. तिथं जमशेटजींचा अर्धपुतळा आहे. सासूबाईंनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, मालक. ह्यांनी स्वतः परदेशात फिरून सामान निवडलं, मोठ्या दालनाचे लोखंडी खांब पॅरिसहून आणले. हॉटेलचा स्वतःचा बर्फाचा आणि सोड्याचा कारखाना होता, कपडे धुवायची यंत्रं, भांडी घासायची यंत्रं, लिफ्ट, वीज तयार करायचं यंत्र. सगळं १९०३ मध्ये. सासूबाईंनी त्यातलं नेमकं एकच धरलं: "भांडं घासानं मशीन?" आणि त्यांनी पुतळ्याला हात जोडले. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. खाणावळ ज्यानं चालवली आहे त्याला माहीत असतं की धंदा तरतो-बुडतो तो भांडी घासणाऱ्या हातांवर.

लॉबीत २००८ च्या २६ नोव्हेंबरला आणि पुढच्या दिवसांत तिथं अतिरेक्यांच्या हल्ल्यात जीव गेलेल्यांची नावं आहेत, एकतीस. त्यात स्वयंपाकघरातली माणसंही आहेत. त्यांना मागच्या वाटा ठाऊक होत्या. निघून जाता आलं असतं. पाहुण्यांना आधी बाहेर काढायचं म्हणून ती थांबली, काही जण पाहुण्यांपुढे आडवी उभी राहिली. जुनी इमारत पुन्हा उघडायला १५ ऑगस्ट २०१० उजाडला. सासूबाईंना मी नावं वाचून दाखवली. आम्ही तिथं काही बोललो नाही. आमच्याकडे वाढणारा पोरगा एकदा तापानं फणफणला असताना पंगत पुरी करून मगच निजला होता, त्याची मला आठवण झाली.

सकाळी सूर्य समुद्रातून वर आला. मुंबईचा समुद्र म्हणजे मावळता सूर्य असं आपल्याला वाटतं, पण ताजचं तोंड पूर्वेला, बंदराकडे आहे. पहाटे उठायची सवय आमच्या घरात सगळ्यांना असल्यामुळे तो उगवताना आम्ही दोघींनी पूर्ण पाहिला. चुलीपुढं नसताना पाहिलेली त्यांची ती पहिली पहाट असावी.

मग नाश्त्याला गेलो. वाढायला कालचे गृहस्थ नव्हते, एक तरुण मुलगी होती. जागाही वेगळी, टेबलही वेगळं. तिनं नमस्कार केला, माझा चहा ओतला, कान उजवीकडे. सासूबाईंचा चहा ओतला आणि कप त्यांच्यापुढे ठेवला. कान डावीकडे.

रात्रीतून निरोप पोचला होता. कुणीतरी कुणाला तरी सांगितलं होतं, की अमुक खोलीतल्या आजी डावखुऱ्या आहेत. बर्फाचा कारखाना, पॅरिसचे खांब आणि त्या कपाचा कान, माझ्या लेखी हे एकाच जातीचं काम आहे. सासूबाईंनी कपाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि सगळ्या लोकांत डाव्या हातानं कप उचलला. सावकाश, दोन कप चहा तसाच प्यायल्या.

परत आल्यावर मी स्वयंपाकघराच्या दाराशी एक वही टांगली आहे. कुणाला भाकरी कडक लागते, कुणाला रस्सा पातळ, कुणाच्या आजारी आईसाठी बिनतिखटाचा डबा, हे वाढणारी पोरं त्यात लिहितात आणि दुसऱ्या पाळीची पोरं वाचतात. आणि घरी पहाटे पहिला चहा मी सासूबाईंपुढे ठेवते, कपाचा कान डावीकडे करून. बत्तीस वर्षं तो मी उजवीकडेच ठेवत आले होते.