तुम्ही विचारलंत म्हणून: ठाण्यातून तेजोमेघ दिसतात का?

मृगातल्या तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या चमकत्या ढगाचा, फोटो स्टेटसला टाकला की हा प्रश्न ठरलेला, "हे खरंच आपल्या ठाण्यातून काढलंयस? इथे तर धड चांदण्या पण दिसत नाहीत." रास्त शंका आहे. पोखरण रोडच्या आमच्या टेरेसवरून मलाही मृगाच्या पोटातला बाण आणि त्याच्या मागावरचा व्याध सोडून फारसं काही दिसत नाही.

पण डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही, कॅमेऱ्याचा सेन्सर ठेवतो. तीन-तीन मिनिटांचे फोटो रात्रभर काढत राहायचे आणि मग सिरिलसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ते एकावर एक रचायचे, म्हणजे स्टॅकिंग. त्यातला सुटा फोटो उघडलात तर म्हणाल हे काय, राखाडी-पिवळट पडदा, त्यावर थोडे ठिपके आणि मधूनच मुंबईला उतरणाऱ्या विमानाची आडवी रेघ. शंभर फोटो रचले की नॉइज, म्हणजे फोटोतली खरखरीत कणकण, दहापट कमी होतो (शंभरपट नाही, हो, इथेच सगळे फसतात), म्हणजे दुप्पट स्वच्छ फोटो हवा असेल तर चौपट वेळ द्या.

खरी करामत फिल्टरची. तेजोमेघातला हायड्रोजन 656.3 नॅनोमीटरला (ही प्रकाशलहरीची लांबी, तिच्यावरून रंग ठरतो) लाल चमकतो आणि ऑक्सिजन 500.7 ला निळसर हिरवा, ड्युअल नॅरोबँड फिल्टर ह्या दोघांच्या आसपासचाच प्रकाश आत सोडतो, आणि रस्त्यावरच्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असल्यामुळे त्यातला बहुतेक बाहेरच राहतो. गॅलेक्सीला मात्र हा उपाय चालत नाही. तिचा उजेड म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा, तोही सगळ्या रंगांत पसरलेला, फिल्टर लावला तर दिव्यांबरोबर तीही गेली. देवयानी गॅलेक्सी आकाशात पौर्णिमेच्या चंद्राच्या सहापट रुंद आहे, पण ठाण्यातून तिचा मधला गोळाच काय तो नीट येतो. तिच्यासाठी मी सामान गाडीत टाकून मुरबाडच्या पुढे जाते, इथे तिच्यामागे लागत नाही.

आता ध्रुवाचं दुखणं. पृथ्वी फिरते म्हणून टेलिस्कोपखालचा माउंट, म्हणजे त्याला धरून फिरवणारा आधार, उलटा फिरवत राहावा लागतो, आणि त्यासाठी त्याचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे हवा. ठाण्याचा अक्षांश 19 च्या जरा वर, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर, आणि उत्तरेला काय तर घोडबंदरचे टॉवर. त्यामुळे मी ध्रुव न बघताच काम करते, कॅमेरा आकाशाचे दोन-तीन फोटो घेतो, लॅपटॉप तारे ओळखतो आणि कुठला स्क्रू किती फिरवायचा ते सांगतो. म्हणूनच कुणी "सुरुवात करायचीय, काय घेऊ" म्हणालं की मी सांगते, टेलिस्कोप छोटा चालेल पण माउंटवर कंजूषी नको. आणि पावसाळ्याचे चार महिने सगळं सिलिका जेलच्या पुड्यांसकट कपाटात, नाहीतर लेन्सला बुरशी.

रंग खरे का, हेही विचारता. खरेच आहेत, फक्त थोडे वाढवलेले. अंधुक उजेडात आपला डोळा रंग ओळखत नाही, त्यामुळे तोच मृगातला मेघ टेलिस्कोपच्या आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) करडा, धुरकट डागासारखा दिसतो. सोसायटीतली पोरं बघतात आणि "काकू, एवढंच?" म्हणतात, मग त्यांना मी शनी दाखवते.