जुहू ते कोची, लेग २: विजयदुर्गावर लाईट गेली
पीसीवरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये जुहू ते कोची टप्प्याटप्प्याने उडवतोय, एक टप्पा म्हणजे एक लेग. लेग १ बद्दल फार नाही लिहीत, जुहू ते रत्नागिरी सव्वाशेच्या वर नॉटिकल मैल, सेसना १७२ या छोट्या विमानाला तासापेक्षा थोडं जास्त, काही घडलंच नाही. रत्नागिरी ते चिपी (सिंधुदुर्गचा विमानतळ) तर साठ-बासष्ट मैल, म्हटलं जेवायच्या आधी उरकून टाकू. कसलं काय! विजयदुर्ग डाव्या पंखाखाली आला आणि लाईट गेली (पावसात आमच्या मालवणात हे रोजचंच), यूपीएस टीं-टीं करायला लागला, तो जेमतेम पाच मिनिटं तग धरतो, मग घाईघाईत २५०० फुटांवर हवेतच सेव्ह मारला आणि पीसी बंद.

दुसऱ्या रात्री लोड केलं. विमान बरोब्बर त्याच जागी, फ्युएल पण तेवढंच, पण ऑटोपायलट सुटलेला, ट्रिम (नाक हवं तिथे धरून ठेवणारी सेटिंग) शून्यावर, मी जॉयस्टिक धरेपर्यंत नाक खाली आणि समुद्र एवढा जवळ की कोळंबी मोजावी. वेळ रिअल टाइमवर ठेवलेली म्हणून बाहेर मिट्ट काळोख. कसंबसं सावरलं.

खरी गंमत पुढे. अल्टीमीटर (उंची दाखवणारा काटा, तो हवेच्या दाबावर लावून घ्यावा लागतो) कालच्याच १००८ मिलिबारवर होता आणि लाइव्ह वेदरमध्ये, म्हणजे सिम्युलेटर घेतो त्या खऱ्या हवामानात, प्रेशर आता १००३. एका मिलिबारला साधारण २८ फूट धरा, म्हणजे मी होतो त्यापेक्षा काटा जवळजवळ १४० फूट जास्त दाखवत होता. समुद्रावर चालून जातं, पण रात्री चिपीच्या सड्यावर (पठारावर) उतरताना १४० फूट म्हणजे काय ते तुम्हीच बघा. रनवे २५०० मीटरचा, सेसनाला अंगणच, तरी मी दोनदा गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता परत वर. आतून आई, "उतारला काय रे तुझा इमान, जेवाण थंड होता हा."

तर आता हवेत सेव्ह बंद. पार्किंगला उभं करायचं, इंजिन बंद, पार्किंग ब्रेक, मगच सेव्ह, आणि दर लेगला नवीन फाईल, जुनीवर कधीच नाही, नावातच लेग नंबर आणि विमानतळ. शिवाय एक साधी शंभर पानी वही घेतलीय, त्यात डाव्या-उजव्या टाकीतलं फ्युएल, इंजिनचे तास आणि पुढच्या लेगचं हेडिंग (जायची दिशा) लिहून ठेवतो. प्रेशर मुद्दाम लिहीत नाही, ते दर वेळी ताजंच घ्यायचं. यूपीएस ओरडलाच तर आधी पॉज, ऑटोपायलटचं हेडिंग, उंची मोबाईलवर फोटो काढून घ्यायची आणि मग सेव्ह. लोड झाल्या झाल्या परत पॉज, फोटो बघून सगळं लावायचं, मगच सोडायचं. हे काल मुद्दाम लाईट असताना तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा विमान सरळ.

सध्या चिपीला उभा आहे. पुढे गोव्यातलं मोपा, पंचवीसेक मैल, चहा निवायच्या आत होईल. त्यानंतर मंगळूर पावणेदोनशे मैल, ते रविवारी, लाईट असली तर.